सांध्यावरचं हळदकुंकू

दिवाळीचा आकाशकंदील अजून गच्चीवरून उतरवलेला नसतो, तेवढ्यात आमच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यावर घरापेक्षा उंच रचलेला ऊस, आणि सगळ्याच्या वर ठणाणा लावलेलं गाणं. लोकांना ते बघून बरं वाटतं. पोरं मागं पळतात, ऊस उपसतात, ड्रायव्हर शिव्या देतो, पोरं हसतात. शेजारच्या काकू कट्ट्यावरून म्हणतात, "हंगाम लागला बाई." त्यांच्या बोलण्यात गोडी असते. मला मात्र धास्ती लागते, आणि ती गुढीपाडव्याला कारखान्यांची धुराडी थंड होईपर्यंत काही जात नाही.

मी मुळातच भित्री. माझं माहेर दुधनीचं, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. आई मला 'अंजुबुरकी' म्हणायची, म्हणजे भित्री भागूबाई. आडात पोहरा सोडला की दोर सुटेल म्हणून मी भ्यायची, चुलीत लाकूड सरकवलं की ठिणगी उडेल म्हणून भ्यायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. पण एक सांगते. भित्र्या माणसाला जेवढं दिसतं तेवढं धीट माणसाला दिसत नाही. धीट माणूस रस्ता ओलांडून जातो, भित्रं माणूस रस्ता बघतं.

लग्न होऊन मी आले ती थेट साखर कारखान्याच्या चाळीत. सोलापूरपासून लांब, सगळीकडं काळी माती, मधे कारखान्याचं धुराडं आणि त्याच्या पायाशी आमची चाळ. हंगामातला तिथला वास अजून माझ्या नाकात आहे. उकळत्या रसाचा, मळीचा, बॉयलरमधे जळणाऱ्या चिपाडांचा. पहिल्या दिवशी गोड वाटतो, आठव्या दिवशी मळमळतं, पुढं येईनासाच होतो. धुराड्यातून काजळीचे कण पडायचे. वाळवणावर, धुण्यावर, दह्याच्या गाडग्यात. त्या चाळीत पांढरं पातळ नेसणारी बाई मी तरी कधी बघितली नाही.

कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. लांबच्या मळ्यांतला ऊस तिच्यावरून यायचा. इंजिन छोटं, गाड्या छोट्या, आणि दोन रुळांतलं अंतर केवढं, तर पाळण्यातलं मूल आडवं निजेल एवढं. बघायला आलेल्या पाहुण्यांना ती खेळण्यातली वाटायची. मला कधी वाटली नाही. ऊस भरलेली एक गाडी जवळून गेली की चाळीची जमीन थरथरायची आणि फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. आमचे हे त्या लाइनीचे मिस्त्री होते. रूळ घालायचे, खिळे ठोकायचे, खचलेली खडी पुन्हा भरायची, ही ह्यांची आणि ह्यांच्या गँगची कामं. सकाळी पहार खांद्यावर टाकून बाहेर पडायचे, आणि मी दिवसभर कपबशांचा आवाज ऐकत बसायची. किणकिण झाली म्हणजे गाडी गेली. गेली, आणि कुणी ओरडलं नाही, म्हणजे सगळं ठीक.

कुणी ओरडलं नाही, असं मी उगाच म्हणत नाही. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्याच्या आदल्या हंगामात ओरडणं ऐकलं होतं.

त्यासाठी सांधा म्हणजे काय ते सांगायला हवं. एका लाइनीच्या दोन लाइनी जिथं होतात ती जागा म्हणजे सांधा. तिथं दोन निमुळते, सरकणारे रूळ असतात. हे त्यांना जीभ म्हणायचे. बाजूला एक लोखंडी दांडा. तो इकडं टाकला की जीभ सरकून एका बाजूला चिकटते आणि गाडी डावीकडं जाते, तिकडं टाकला की उजवीकडं. जीभ मोठ्या रुळाला घट्ट चिकटली तर काही प्रश्न नाही. बोटभर जरी फट राहिली तर चाक त्या फटीत शिरतं, अर्धी गाडी एका लाइनीनं निघते आणि अर्धी दुसऱ्या. मग ती आडवी होते. आणि थोडं पुढं, जिथं ह्या लाइनीचा रूळ त्या लाइनीच्या रुळाला ओलांडतो, तिथं चिमट्यासारखी एक खाच तयार होते. चाकाला ती खाच लागतेच. माणसाच्या पायाला ती वैरी असते.

मारुतीचा पाय त्या खाचेत अडकला होता. मारुती ह्यांच्याच गँगमधला, आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. उतारावरून एक सुटी भरलेली गाडी येत होती. वेगानं नाही, माणूस चालतो तेवढ्या चालीनं. त्यानं ती येताना बघितली, पाय ओढला, पाय निघेना. चप्पल सोडून पाय काढायचा प्रयत्न केला, तरी निघेना. गाडी तेवढ्याच चालीनं येत राहिली. हे मला त्याच्या बायकोनं, शेवंतानं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती, आणि सांगताना तिचं सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "जीव ऱ्हायला वैनी, लई झालं. पाय काय, दोन असत्यात म्हणून येक गेला." मी घरात येऊन माठातलं पाणी प्यायले.

कारखान्यानं मारुतीला बसून करायचं काम दिलं, म्हणजे सांध्याचा दांडा सांभाळायचं. ज्या लाइनीनं पाय नेला तिच्याच शेजारी तो कुबडी आडवी ठेवून बसायला लागला. उपकार म्हणून दिलेली नोकरी होती ती. तो मान खाली घालून काम करायचा आणि साहेबांच्या जीपचा आवाज आला की एका पायावर उभा राहायचा.

दुष्काळ सरून गेला होता. विहिरींना पाणी आलं, आणि माणसांनी उपाशी माणूस जेवणावर बसतो तसा ऊस लावला. जिकडं बघावं तिकडं ऊस. कारखान्याचं जुनं यार्ड पुरेना म्हणून नवीन बांधलं, आणि त्या यार्डाकडं लाइन न्यायला ओढ्याचा पूल उतरल्यावर नवीन सांधा बसवायचं ठरलं. जागा वाईट होती. पुलावरून गाडी उतरली की सगळा उतार, एका अंगाला ओढ्याचा खड्डा, आणि उताराच्या तळाशी सांधा. हे काम ह्यांच्याकडं आलं. मोळीचा मुहूर्त ठरला होता, पत्रिका छापल्या होत्या. पहिल्या उसाची मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला आत नेणाऱ्या पट्ट्यावर पडते तो दिवस म्हणजे कारखान्याचं लग्नच. त्या दिवशी पहिली भरली गाडी ह्या नव्या सांध्यावरून वाजतगाजत जायची होती.

साहेब रोज विचारायचे, "मिस्त्री, होतंय ना?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "हुईल तवा हुईल साहेब. अर्धा सांधा अन् अर्धी विहीर, दोनी माणूस खात्यात." साहेब चिडायचे. पण काम येणारं दुसरं माणूस नव्हतं.

त्या वर्षी ह्यांनी दोन गोष्टी हट्टानं केल्या. एक म्हणजे दांड्याला खिट्टी. जीभ रुळाला पुरती चिकटली तरच दोन भोकं एकावर एक येतात आणि लोखंडी खिट्टी त्यातून खाली पडते, खट्ट असा आवाज करून. फट राहिली तर भोकं जुळत नाहीत, खिट्टी वरच लोंबकळते. नियम एकच. खिट्टी पडल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मला हे समजावायला ह्यांनी घरात लाटणं आणि उलथनं मांडलं होतं. मी म्हटलं, "मला कशाला सांगताय, मी काय सांध्यावर बसणारे?" तर म्हणाले, "घरात येकाला तरी ठावं असावं." असं बोलून माणसाची झोप घालवायची ह्यांना भारी सवय.

दुसरी गोष्ट त्या खाचेची. खाचेत चाकाच्या कडेपुरती जागा सोडून बाकीची जागा बाभळीच्या ठोकळ्यांनी भरायची, म्हणजे पाय आत जाऊच शकणार नाही. ठोकळे ह्यांनी घरीच तासले. अंगणभर बाभळीचे लालसर कपचे पडायचे, मी ते चुलीला लावायची. एक दिवस दुपारी मला हाक मारली, "अगं, हिकडं ये. पाय दे." मी म्हटलं, "पाय? कशाला?" ह्यांनी माझा पाय हातात धरला आणि ठोकळ्याला लावून बघायला लागले. "गँगच्या गड्याचा पाय रुंद. त्याच्या मापानं ठोकळा केला तर बाईचा पाय जाईल की आत. वाडं गोळा करायला बाया येत्यात न्हवं लाइनीवर." वाडं म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना चारायला बायका गाड्यांतून पडलेले गोळा करत फिरायच्या, सगळ्या अनवाणी. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं. जोडवी लोखंडी गेजला, म्हणजे ह्यांच्या मापाच्या पट्टीला लागून टिकटिक वाजली. माझा पाय लहान, म्हणून त्याचंच माप धरून ठोकळा आणखी लांब केला. त्या दिवशी मला वाटलं, कुठल्या नवऱ्यानं बायकोच्या पायाचं माप असल्या कामाला घेतलं असेल? बाकीच्यांचे नवरे चपला तरी आणतात.

हे सगळं सांगताना मला अजून हसू येतं. पण त्या वेळी माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला कारण होतं एक रीत.

आमच्या लाइनीवर अशी रीत होती की ज्यानं सांधा बसवला त्यानं त्यावरून जाणाऱ्या पहिल्या भरल्या गाडीवर बसायचं. कुणी घातली ठाऊक नाही. रीत वाईट नाही. घर बांधणाऱ्यांना आधी त्याच घरात राहायला लावलं तर अर्ध्या सोलापूरच्या भिंती सरळ होतील. पण रीत घालणाऱ्याला बायको नसणार एवढं नक्की. पुलावरचा उतार, खालचा ओढा, मागं ढकलणाऱ्या उसाच्या गाड्या, आणि वर, उसाच्या राशीवर, धरायला काही नसताना बसलेले हे. दिवसभर मला हेच दिसायचं. भाकरी थापताना दिसायचं, पाणी भरताना दिसायचं. भाकरी करपायची. हे जेवताना करपलेला पापुद्रा बाजूला काढून ठेवायचे.

एकदा मी म्हटलंच, "ह्या वर्षी दुसऱ्या कुणाला बसवा."

"का?"

"मला भ्या वाटतंय."

"तुला मांजराचं बी भ्या वाटतं."

"मांजर ओढ्यात पडत नाही."

ह्यांनी हात धुतले, टॉवेलनं पुसले, आणि शांतपणे म्हणाले, "मी नाय बसलो तर गँग म्हणंल, मिस्त्रीचा सोताच्या कामावर भरोसा न्हाय. मग तेंच्यातला कोण त्या लाइनीवर पाय ठेवंल?" मी भांडी घासायला घेतली आणि एवढी आदळली की शेवंतानं पलीकडून विचारलं, "फुटलं का काय वैनी?" मी म्हटलं, "अजून नाही."

मोळीच्या दिवशी सकाळपासून सनई होती. केळीचे खांब, आंब्याचे टहाळे, साहेबलोकांच्या बायकांची रेशमी पातळं. सांध्याशी पूजा मांडलेली. पुलावर, उताराच्या तोंडाशी, इंजिन झेंडूच्या माळा घालून उभं होतं. इंजिन चालवणारे हुसेनचाचा टोपी नीट करून बसले होते. इंजिनामागच्या पहिल्या गाडीवर, उसावर, हे. नवीन धोतर, कपाळाला गुलाल. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही पूजेच्या ताटाकडं बघत उभी राहिले. ताट माझ्याच हातात होतं, कारण मिस्त्रीची बायको म्हणून ते मला धरायला दिलं होतं.

मुहूर्ताला बोलावलेल्या बड्या पाहुण्यांनी रुळावर गंध लावलं, उदबत्ती ओवाळली, आणि नारळ फोडला. नारळ कुठं फोडायचा? तर ज्याची पूजा त्याच्यावर. देवळात पायरीवर फोडतात, मोटारीला चाकाशी फोडतात, इथं जिभेवर फोडला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा जोरानं हाणला, पाणी उडालं, लोक खूश झाले. मग साहेबांनी खूण केली आणि मारुतीनं दांडा नव्या यार्डाच्या बाजूला टाकला.

मी भित्री, म्हणून माझं लक्ष सनईकडं नव्हतं. माझे कान त्या खट्टकडं लागले होते. आवाज आला नाही.

मारुतीनं दांडा पुन्हा ओढला, पुन्हा टाकला. खिट्टी त्याच्या बोटात तशीच. मी जवळच उभी होते. त्यानं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "काय रे, काय झालं?" मारुती म्हणाला, "खिट्टी बसंना जरा." साहेब म्हणाले, "नवीन आहे, घट्ट असेल. बसेल मागाहून. मुहूर्त टळतोय." आणि हिरवी झेंडी वर केली. मारुतीनं मान खाली घातली. मला त्याचा राग आला नाही, अजूनही येत नाही. एक पाय गेलेल्या माणसाला नोकरी गेल्याची भीती काय असते ते आपल्याला काय कळणार? पुलावर इंजिननं शिट्टी दिली आणि चाकं हलली.

ओरडावं असं मला वाटलं. पण ओरडले असते तरी काय? सनई, ताशा, एवढी थोर माणसं, त्यात एका मिस्त्रीच्या बायकोचं ओरडणं. 'गाडी थांबवा' म्हणायची माझी प्राज्ञा होती का? कुणीतरी मला हाताला धरून बाजूला केलं असतं. पण ताट हातात असलेल्या सवाष्णीला बाजूला करायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि हे मला कसं सुचलं ते देवच जाणे. मी पुढं झाले, म्हटलं, "सवाष्णीचं हळदकुंकू राहिलं की," आणि सरळ रुळात जाऊन जिभेपाशी बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई," पण पुढं कुणी काही बोललं नाही. हळदकुंकवाला नाही कोण म्हणणार? साहेबांची झेंडी अर्धवट खाली आली. हुसेनचाचांनी ब्रेक दाबला असावा, चाकं किंचाळायला लागली. पण उतार होता, मागं ऊस होता. गाडी येतच राहिली. जमीन थरथरत होती, ताटातली निरांजनं हलत होती.

मी जिभेला हळद लावली, कुंकू लावलं, आणि बोट जीभ आणि मोठ्या रुळाच्या मधल्या फटीतून फिरवत गेले. एका जागी बोट अडलं. करवंटीचा कपचा होता. फोडलेल्या नारळाचाच. जीभ दुसऱ्या अंगाला असताना उघड्या फटीत पडला होता, आणि जीभ सरकल्यावर आत घट्ट चेपला गेला होता. ओढला, निघेना. मला मारुतीचा पाय आठवला. नखं लावून ओढलं, निघेना. मग ताटातली तांब्याची पळी घेतली, तिचा दांडा कपच्याखाली घातला आणि कपचा उचकटला. निघाला.

"बोट काडा वैनी," मारुती दबक्या आवाजात म्हणाला, "बोट काडा आदी." मी हात मागं घेतला आणि त्यानं दांडा रेटला. जीभ रुळाला भिडली. खट्ट. खिट्टी पडली. एवढा लहान आवाज, पण ताशातूनही मला ऐकू आला.

आता उठून बाजूला व्हायचं, एवढंच काम होतं. पण भित्रं माणूस बाजूला पळत नाही, पुढं पळतं. मागं इंजिनची शिट्टी वाजली आणि मी ताट टाकून रुळांमधूनच पुढं धावले, आणि पाय खाचेत पडला. मला कळलं की पाय खाचेत पडला. तेवढ्या क्षणात शेवंताचं सूप, ज्वारी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि पाय आत गेलाच नाही. खाली बाभळीचा ठोकळा होता. टाच त्यावर टेकली, जोडवी लोखंडाला वाजली, आणि खाचेशेजारी बायकांत उभ्या असलेल्या शेवंतानं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. आम्ही दोघी खडीवर पडलो. आमच्या अंगावरून वारा गेला, उसाची पानं घासून गेली, चाकं जिभेवरून, खाचेवरून खडखडत नव्या यार्डाकडं वळली. हे मला दिसलेच नाहीत. मला फक्त चाकं दिसली, एकामागं एक, आपापल्या लाइनीवर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. मिस्त्रीची बायको जरा वेडगळ आहे, ऐन वेळी देवधर्म आठवतो, एवढंच कळलं. हुसेनचाचा नंतर मला म्हणाले, "क्या बेटी, देव का करना था तो पैलेच बोलना ना. उतार पे बिरेक लगे, नै लगे, मेरेकु क्या मालूम." पंचा घेऊन ते तोंड पुसत राहिले.

दिवेलागणीला हे घरी आले. मी ताट वाढलं आणि भाकरीशेजारी मुठीत धरून घरी आणलेला करवंटीचा तो कपचा ठेवला. ह्यांनी तो उचलला, एका अंगानं चेपलेला होता तिथं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता मारुतीवर भडकणार, साहेबांवर भडकणार, कदाचित माझ्यावरही. तसं काही झालं नाही. ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"मी वर बसलो तवा भ्यालो न्हवतो," हे म्हणाले. "सांदा मी बसवलाय, मला ठावं हाय. कट्ट्यावर बसल्यागत बसलो हुतो. अन् तू रुळात येऊन बसलीस. गाडीच्या फुडं. मला उडी मारता येईना, वरडता बी येईना. ऊस धरून बसलो. तुज्या पाठीकडं बघत. गाडी मी बसलेली, अन् ती तुज्यावर चाललेली." तळहात पुढं केले. उसाच्या पाचटानं कापलेले, बारीक रक्ताच्या रेघा उमटलेले. "तू रोज असं भितीस?"

मी म्हटलं, "रोज."

मग ह्यांनी माझा पाय जवळ ओढून घेतला, माप घेतलं होतं तसाच हातात धरला, टाच बघितली, बोटं एकेक चाचपली. पायाला कुंकू लागलेलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही, आणि भाकरी मात्र पहिल्यांदाच करपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे मारुतीकडं गेले आणि त्याला सांगितलं की खिट्टी पडल्याशिवाय साक्षात देव आला तरी दांडा सोडायचा नाही, पुढचं मी बघतो. सांध्याच्या बाजूला एक सपाट दगड रोवला आणि नारळ फोडायचा तर ह्याच्यावर, असं ठरवून टाकलं. सवाष्णीचं हळदकुंकू मात्र राहिलं. पुढच्या हंगामात साहेबच विचारायला लागले, "सवाष्णीचं झालं का?" मी दर वर्षी ताट घेऊन जायची, जिभेला हळद लावायची आणि फटीतून बोट फिरवायची. कधी खडा निघायचा, कधी उसाचं कांडं. माझ्यानंतर दुसऱ्या बायका करायला लागल्या. फार नंतर त्या चाळीत गेले होते, तर एक नवी सून मला म्हणाली, "आजी, ही आपल्या कारखान्याची फार जुनी परंपरा आहे. फटीतून बोट फिरवलं की सांध्याची देवी संतुष्ट होते." मी म्हटलं, "होते गं बाई, फार संतुष्ट होते." बोट फिरवतायत ना, मग देवी असली काय आणि नसली काय.

पुढं ट्रक आले, ट्रॅक्टर आले, छोटी रेल्वे बंद पडली. रूळ उखडून लोकांनी गोठ्यांना खांब केले. आम्ही सोलापुरात मुलाकडं राहायला आलो. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, मोटारसायकलवर जातो-येतो. हंगामात त्याच रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, बाजूला ऊस लोंबतोय. ह्या रस्त्याला सांधा नाही, खिट्टी नाही. कुठं बसून हळदकुंकू लावायचं आणि कुठल्या फटीत बोट घालायचं? संध्याकाळ झाली की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. मुलगा म्हणतो, "आई, तू अजून भित्रीच." मी म्हणते, "व्हय बाबा."

पण खरं सांगू का, ह्या घरात भित्री मी एकटी नाही. त्या हंगामापासून ह्यांना एक खोड लागली. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी दारातूनच हाक मारायची, "अगं, हैस का?" मळ्यातून आले तरी, बाजारातून आले तरी, नुसते कट्ट्यावरून उठून आत आले तरी. तरुणपणी मला ह्याची गंमत वाटायची. मी चुलीपाशीच असायची आणि मुद्दाम ओ द्यायची नाही. मग हाक पुन्हा यायची, जरा मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा आली की त्या आवाजात उसाला धरून बसलेला माणूस मला ऐकू यायचा.

आता ह्यांना नीट ऐकू येत नाही, काठी टेकत चालतात. परवा पहिला ट्रॅक्टर रस्त्यानं गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अगं, हैस का?"

पूर्वी मी थांबायची. आता लगेच ओ देते, मोठ्यानं, दोनदा.